जुन्या फ्लॉपीतला मजकूर आजच्या संगणकावर कसा आणावा, आणि परत कसा न्यावा

तालुक्याच्या गावातल्या डीटीपीच्या दुकानात, सेवा सहकारी सोसायटीच्या लोखंडी कपाटात, शाळेच्या प्रयोगशाळेच्या वरच्या फळीवर अजून फ्लॉप्या निघतात. कुणाच्या फ्लॉपीत गावच्या वाचनालयाची ग्रंथयादी असते, कुणाच्या स्मरणिकेचा मजकूर, तर कुणाच्या शाळेतल्या मुलांनी बेसिक या संगणकभाषेत लिहिलेले प्रोग्रॅम. १९८४ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या क्लास प्रकल्पातून शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. त्यामुळे शाळेतल्या सगळ्याच फ्लॉप्या डॉसच्या, म्हणजे जुन्या पीसीच्या, असतील असे धरून चालू नका.

या कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी अख्ख्या डिस्कची प्रत काढायची, फाइल नंतर उघडायची. तीस-पस्तीस वर्षांची फ्लॉपी पुष्कळदा एकदाच नीट वाचली जाते. ड्राइव्हचे हेड, म्हणजे वाचण्या-लिहिण्याचे टोक, पृष्ठभागाला टेकूनच फिरते, आणि थर सैल झाला असेल तर प्रत्येक फेरीत तो थोडा खरवडला जातो. फाइल उघडून पाहणे, बंद करणे, पुन्हा कॉपी करणे यात ती एक संधी वाया जाते.

फ्लॉपी ओळखणे

साडेतीन इंची फ्लॉपी कडक प्लॅस्टिकची असते. खालच्या दोन्ही कोपऱ्यांत आरपार भोके असतील तर ती १.४४ एमबीची, एकाच कोपऱ्यात असेल तर ७२० केबीची. सरकपट्टी असलेले भोक लेखनबंदीचे असते. ते उघडे असले की फ्लॉपीवर लिहिता येत नाही. सव्वापाच इंची लवचीक फ्लॉपीत नेमके उलट असते. कडेची चौकोनी खाच उघडी असेल तर लिहिता येते, झाकली तर येत नाही. खाच झाकायला पारदर्शक सेलोटेप चालत नाही, कारण बहुतेक ड्राइव्ह खाच प्रकाशाने तपासतात. काळी इन्सुलेशन टेप दुहेरी लावा.

हाती आलेल्या प्रत्येक फ्लॉपीला सर्वांत आधी लेखनबंदी करा. विंडोज ९५ आणि ९८ तर नुसती फ्लॉपी पाहिली तरी तिच्या पहिल्या सेक्टरात, म्हणजे माहितीच्या पहिल्या तुकड्यात, आपली खूण लिहून ठेवत.

सव्वापाच इंचीत ३६० केबी आणि १.२ एमबी हे दोन प्रकार बाहेरून जवळजवळ सारखेच दिसतात. चकतीच्या मधल्या भोकाभोवती जाडसर कडे असेल तर ती बहुधा ३६० केबीची असते. १.२ एमबीच्या फ्लॉपीला सहसा कडे नसते. ही खात्रीची खूण नव्हे, पण सुरुवात इथून करता येते. बीबीसीच्या फ्लॉपीवरच्या चिठ्ठीवर ४० किंवा ८० ट्रॅक (चकतीवरच्या वर्तुळाकार रेघा), डीएफएस किंवा एडीएफएस (बीबीसीच्या फाइल ठेवण्याच्या पद्धती) असे काही लिहिलेले सापडते. चिठ्ठीचा पुढून-मागून फोटो काढा आणि फ्लॉपीला क्रमांक द्या. पुढे तोच क्रमांक इमेज फाइलचे, म्हणजे अख्ख्या डिस्कच्या प्रतीचे, नाव होईल.

हवा, कूलर आणि वीज

विदर्भात हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावे. पावसाळ्यात बुरशी जागी होते. मे महिन्यात टिनाच्या छताखालची खोली पाकिटावर छापलेल्या साधारण ५० अंशांच्या मर्यादेजवळ जाते. उन्हाळ्यात काम करावेच लागले तर कूलरच्या खोलीत करू नका. खसातून येणारी ओली हवा आणि तंतू थेट चकतीवर बसतात, शिवाय कूलरच्या मोटारीजवळ चुंबकीय क्षेत्र असतेच. पंखा लावा आणि पहाटे बसा. फ्लॉप्या आदल्या दिवशीच त्या खोलीत आणून ठेवा, म्हणजे चकती आणि ड्राइव्ह एकाच तापमानाला येतील.

विजेचे दोन धोके आहेत. पहिला भारनियमनाचा. वाचताना वीज गेली तर प्रत अर्धवट राहते, लिहिताना गेली तर फ्लॉपी बिघडते. म्हणून ड्राइव्हची वीज यूपीएसवरून घ्या आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा. दुसरा धोका अर्थिंगचा. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर जुन्या कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. तोच दाब यूएसबीच्या वायरीतून लॅपटॉपमध्ये गेला तर पोर्ट जळतो. सगळ्या जोडण्या वीज बंद ठेवून करा, आणि ड्राइव्ह चालू असताना लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा.

आधी डोळ्यांनी तपासा

सव्वापाच इंची फ्लॉपीच्या लांबट खिडकीतून चकती दिसते. मधल्या भोकात दोन बोटे घालून ती सावकाश फिरवा आणि तिरप्या उजेडात पाहा. चकती एकसारखी गडद तपकिरी, चकचकीत असेल तर पुढे जा. पांढुरके, कोळ्याच्या जाळ्यासारखे डाग म्हणजे बुरशी. गोलाकार फिकट रेघ म्हणजे तिथला थर गेला, आणि त्या ट्रॅकवरची माहितीही गेली. साडेतीन इंचीत धातूचे झाकण सरकवून हेच पाहा. झाकण वाकले असेल किंवा त्याची स्प्रिंग तुटली असेल तर ते काढूनच फ्लॉपी आत घाला, नाहीतर बाहेर काढताना ते वरच्या हेडला अडकते आणि हेड उपटते.

बुरशी लागलेली फ्लॉपी न धुता ड्राइव्हमध्ये घालू नका. हेडवर बुरशी चिकटते आणि तेच हेड पुढच्या दहा चांगल्या फ्लॉप्या खरवडते. धुण्याची रीत अशी:

पाकिटाच्या मागच्या बाजूला दुमडून चिकटवलेली कड पातळ ब्लेडने अलगद सोडवा. ब्लेड पाकिटाला समांतर ठेवा, टोक आत जाऊ देऊ नका, कारण चकती आणि पाकिटाच्या कडेत दीड-दोन मिलिमीटरच जागा असते. चकती बाहेर काढण्याआधी चिठ्ठीच्या बाजूला, मधल्या भोकाच्या अगदी जवळ, मार्करचा छोटा ठिपका द्या. चकती उलटी बसली तर बाजू बदलतात आणि काहीच वाचले जात नाही. नंतर चकती फक्त कडेने धरून बाहेर काढा. धुण्यासाठी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे पाणी वापरा. ते क्षारमुक्त असते आणि गावातही मिळते. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचे क्षार वाळल्यावर चकतीवर राहतात. परातीत लिटरभर पाणी घेऊन त्यात भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब टाका, चकती बुडवा, आणि धागे न सुटणाऱ्या मऊ कापडाने दाब न देता पुसा. डाग घासून काढायचा मोह आवरा. सुटला तर सुटला. मग साध्या बॅटरीच्या पाण्यात दोनदा खळबळून चकती सावलीत, कडेवर उभी करून, २४ तास वाळू द्या. ऊन नको, ड्रायर नको. वाळलेली चकती रिकाम्या केलेल्या दुसऱ्या स्वच्छ पाकिटात घाला, ठिपका चिठ्ठीच्या बाजूला ठेवा. आपल्या बुरशीच्या पाकिटात ती परत घालू नका, आतले पांढरे अस्तरच बुरशीचे घर असते.

हेड पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे ते असते. हात धुण्याचे सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असते. दर चार-पाच फ्लॉप्यांनंतर हेड पुसा, आणि संशयास्पद फ्लॉपीनंतर लगेच पुसा. फ्लॉपी फिरताना किंचाळल्यासारखा आवाज आला तर ताबडतोब बाहेर काढा. तो थर सुटत असल्याचा आवाज असतो.

साडेतीन इंची: यूएसबी ड्राइव्ह पुरतो

डॉस किंवा विंडोजच्या साडेतीन इंची फ्लॉपीसाठी बाजारात मिळणारा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह पुरेसा आहे. तो १.४४ एमबी आणि ७२० केबी वाचतो, त्यापलीकडे काही नाही. सव्वापाच इंची ड्राइव्ह त्याला जोडता येत नाही, आणि बीबीसी किंवा इतर संगणकांचे वेगळे फॉरमॅटही त्याला कळत नाहीत. विंडोजने “डिस्क फॉरमॅट करायची का?” विचारले तर उत्तर नेहमी “रद्द” असेच द्या.

चांगली पद्धत लिनक्सची. पेनड्राइव्हवरून चालू होणारे लिनक्स घ्या आणि त्यात डीडीरेस्क्यू बसवा. हा प्रोग्रॅम फ्लॉपीची सेक्टरवार प्रत काढतो आणि कुठे अडले त्याची नोंद मॅप फाइलमध्ये ठेवतो. पहिली फेरी पुन्हा प्रयत्न न करता चालवा, म्हणजे चांगले सेक्टर आधी हाती येतात. मग तीच इमेज आणि तीच मॅप फाइल देऊन तीन प्रयत्नांची दुसरी फेरी चालवा. तरी काही राहिले तर फ्लॉपी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला आणि तीच मॅप फाइल पुन्हा द्या. प्रत्येक ड्राइव्हचे हेड केसभर वेगळ्या जागी बसवलेले असते, म्हणून एकाला न दिसलेला सेक्टर दुसऱ्याला दिसतो. १.४४ एमबीची पूर्ण इमेज बरोबर १४,७४,५६० बाइटची आणि ७२० केबीची ७,३७,२८० बाइटची होते. एक बाइटही कमी असेल तर प्रत अपुरी आहे.

सव्वापाच इंची: ग्रीझविझल

इथे खरा सव्वापाच इंची ड्राइव्ह लागतो. २८६-३८६ च्या काळातल्या मशीनमधून काढलेला १.२ एमबीचा ड्राइव्ह सर्वांत सोयीचा. तो नागपुरात बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या बाजारातल्या) जुन्या दुरुस्तीवाल्यांकडे किंवा कबाड्याकडे शोधावा लागतो. जिथून फ्लॉप्या निघाल्या तिथलाच मूळ संगणक शिल्लक असेल तर त्याचा ड्राइव्ह आधी सांभाळा. हेड थोडे सरकलेल्या ड्राइव्हने लिहिलेली फ्लॉपी पुष्कळदा त्याच ड्राइव्हला नीट वाचता येते.

ड्राइव्ह आणि लॅपटॉप यांच्यामध्ये ग्रीझविझल हा छोटा बोर्ड लागतो. कीर फ्रेझर यांनी तो तयार केला असून त्याचा आराखडा आणि प्रोग्रॅम सर्वांसाठी खुले आहेत. बोर्ड ऑनलाइन मागवावा लागतो. तो फ्लॉपीतल्या फाइल वाचत नाही. चकतीवरचे चुंबकीय बदल किती किती वेळाने येतात तेवढेच मोजतो. म्हणून फॉरमॅट कोणताही असो, त्याला फरक पडत नाही.

जोडणी अशी. सव्वापाच इंची ड्राइव्हला ३४ पट्ट्यांचा चपटा कडेचा कनेक्टर लागतो आणि ग्रीझविझलला ३४ पिनांचा, तेव्हा दोन्ही टोके असलेली जुनी पीसीची फ्लॉपी केबल घ्या. केबलच्या एका टोकाजवळ काही तारा पिळलेल्या असतात. त्या टोकाचा ड्राइव्ह ‘ए’, मधला ‘बी’. केबलची लाल कड एक नंबरच्या पिनेकडे ठेवा. ती उलटी लागली तर ड्राइव्हचा दिवा सतत जळत राहतो, नुकसान सहसा होत नाही. या ड्राइव्हला १२ आणि ५ असे दोन्ही व्होल्ट लागतात आणि यूएसबीतून १२ मिळत नाहीत. म्हणून जुन्या कॅबिनेटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) वापरा. मोठ्या प्लगमधली हिरवी तार कोणत्याही काळ्या तारेला जोडली की एटीएक्स एसएमपीएस मदरबोर्डशिवाय चालू होतो.

ग्रीझविझलच्या कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना रोमन छोटी अक्षरे आणि इंग्रजी आकडे वापरा. आधी ‘जीडब्ल्यू इन्फो’ देऊन बोर्ड ओळखला जातो का पाहा. मग एक टाकाऊ फ्लॉपी घालून ‘जीडब्ल्यू आरपीएम’ द्या. १.२ एमबीचा ड्राइव्ह मिनिटाला ३६० फेरे फिरतो, ३६० केबीचा ३००. आकडा पाच-सहा फेऱ्यांहून जास्त हलत असेल तर पट्टा सैल आहे किंवा वंगण घट्ट झाले आहे. हेड सरकते त्या दांड्यांवरचे वाळलेले ग्रीस अल्कोहोलने पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लावा. हेडवर तेल जाऊ देऊ नका.

आता मूळ प्रत. ‘जीडब्ल्यू रीड’ ला ‘रेव्ह्ज’ पाच द्या आणि फाइलच्या नावाला ‘एससीपी’ हे शेपूट लावा. म्हणजे प्रत्येक ट्रॅकचे पाच फेरे नोंदले जातील. ३६० केबीच्या फ्लॉपीत ४० ट्रॅक असतात आणि १.२ एमबीच्या ड्राइव्हचे हेड ८० ट्रॅकच्या पावलांनी चालते. म्हणून ‘ट्रॅक्स’ या पर्यायात ‘स्टेप’ दोन ठेवा. हे विसरले तर एक ट्रॅक वाचला जातो आणि पुढचा रिकामा येतो. फिरण्याच्या वेगातला फरक प्रोग्रॅम स्वतः सांभाळतो.

ही कच्ची प्रत सुरक्षित झाली की फ्लॉपीला हात लावायची गरज नाही. ‘जीडब्ल्यू कन्व्हर्ट’ ने तिच्यातून ‘आयबीएम.३६०’ फॉरमॅटची ‘आयएमजी’ फाइल काढा. शेवटी मिळालेल्या सेक्टरांची मोजणी येते. ३६० केबीला ७२० पैकी ७२० हवेत, १.२ एमबीला २४०० पैकी २४००. कमी आले तर हेड पुसा, चकती पाहा आणि फ्लॉपी आणखी एकदा वाचा. दोन-तीन वेळा वाचूनही तेच सेक्टर अडत असतील तर थांबा. आणखी फिरवून ते सुधारत नाहीत, शेजारचे मात्र जातात.

बीबीसी मायक्रोच्या फ्लॉप्या

बीबीसीच्या डीएफएसची मांडणी डॉसपेक्षा अगदी वेगळी. दर ट्रॅकला २५६ बाइटचे १० सेक्टर, तेही जुन्या एकेरी घनतेने लिहिलेले. पीसीचे बरेच फ्लॉपी कंट्रोलर ही घनता वाचतच नाहीत. ग्रीझविझलमध्ये ४० ट्रॅकला ‘एकॉर्न.डीएफएस.एसएस’ आणि ८० ट्रॅकला ‘एकॉर्न.डीएफएस.एसएस८०’ हे फॉरमॅट द्या. दुहेरी बाजूसाठी ‘एसएस’ च्या जागी ‘डीएस’. ४० ट्रॅकला इथेही स्टेप दोन. एका बाजूची पूर्ण ‘एसएसडी’ फाइल ४० ट्रॅकला १,०२,४०० बाइटची आणि ८० ट्रॅकला २,०४,८०० बाइटची असते.

पहिले दोन सेक्टर म्हणजे या डिस्कची यादी. पहिल्यात आधी आठ बाइट शीर्षकाचे, मग प्रत्येक फाइलला आठ: सात नावाचे आणि एक डिरेक्टरीच्या अक्षराचा. म्हणून एका बाजूला ३१ च फाइल मावतात. ३१ गुणिले आठ २४८, त्यात शीर्षकाचे आठ मिळवले की २५६ भरतात. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) दुसऱ्या सेक्टरचा पाचवा बाइट, शून्यापासून मोजून, आठने भागला की फाइलींची संख्या मिळते. पहिला ट्रॅक खराब झाला की ही यादी जाते, कारण तिची दुसरी प्रत नसते. पण डीएफएस प्रत्येक फाइल सलग सेक्टरांतच ठेवते. यादी नसली तरी बाकीची इमेज हेक्स एडिटरमध्ये चाळून सुरुवात आणि शेवट ओळखता येतात. एवढ्यावरून फ्लॉपी टाकून देऊ नका.

फाइल पाहायला बीबेम हा इम्युलेटर, म्हणजे बीबीसीचे सोंग घेणारा प्रोग्रॅम, बरा. बेसिकचे प्रोग्रॅम सांकेतिक स्वरूपात साठवलेले असतात, थेट वाचले तर अर्थ लागत नाही. इम्युलेटरमध्ये प्रोग्रॅम लोड करा, ‘*स्पूल’ ला एक नाव द्या, ‘लिस्ट’ करा (बीबीसीच्या कमांड मोठ्या रोमन अक्षरांत द्या), आणि नुसते ‘*स्पूल’ देऊन फाइल बंद करा. आता तो साधा मजकूर झाला.

मराठी मजकूर सोडवणे

फ्लॉपी वाचली, फाइल निघाली, आणि उघडली तर युरोपीय अक्षरांचा चिवडा. इथे बरेच जण फाइल खराब समजून सोडून देतात. फाइल धडधाकट असते, लिपीचा संकेत जुना असतो.

जिस्ट या भारतीय लिप्यांच्या कार्डावर लिहिलेला डॉसचा मजकूर बहुधा इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतात असतो. हेक्स एडिटरमध्ये, आकडे दशमान पद्धतीने वाचले तर, १७९ म्हणजे क, १८० म्हणजे ख, २१८ म्हणजे काना, २३२ म्हणजे हलन्त. ‘वऱ्हाड’ हा शब्द नीट लिहिला असेल तर २१२, २०८, २३२, २१६, २१८, १९१ असे सहा बाइट दिसतील. असे जुळले तर ‘यूकॉन्व्ह’ या प्रोग्रॅमला मूळ संकेत ‘इस्की, आवृत्ती शून्य’ आणि नवा संकेत यूटीएफ-८ सांगा, मजकूर सरळ देवनागरीत येतो. काही फाइलींत पीसी-इस्की ही बदललेली मांडणी असते. ती चौकटीच्या रेघांच्या, म्हणजे १७६ ते २२३ या जागा टाळते. त्या पट्ट्यात जवळजवळ काहीच दिसत नसेल तर अक्षरे आधी मूळ इस्कीच्या जागी सरकवून घ्यावी लागतात.

वर्डस्टार या जुन्या लेखन-प्रोग्रॅमच्या इंग्रजी फाइलीत शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट चढवलेला असतो, आणि तो उतरवणारे छोटे प्रोग्रॅम मिळतात. ते मराठी फाइलीवर चुकूनही चालवू नका. इस्कीची सगळी अक्षरे आठव्या बिटावरच उभी आहेत.

श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी लेखनाच्या प्रोग्रॅमांच्या फाँटांतला विंडोजचा मजकूर हा अक्षरांचा नसून आकारांचा संकेत असतो. कोणता फाँट होता ते आधी शोधा, आणि त्याच फाँटचा युनिकोड परिवर्तक वापरा. निकाल तपासताना रफार, ऱ्ह, ळ आणि पहिली वेलांटी बघा. ‘वऱ्हाडी’, ‘खर्रा’, ‘पऱ्हाटी’, ‘मिळविल्या’ हे शब्द बरोबर आले तर बाकी मजकूर सहसा बरोबर येतो. डीबेसच्या डीबीएफ फाइली लिब्रेऑफिस कॅल्क उघडते, पेजमेकर ६ आणि ७ च्या फाइली लिब्रेऑफिस ड्रॉ. मूळ फाँट बसवलेला असेल तरच मांडणी ओळखू येते.

उलटी वाट: नव्या संगणकावरून जुन्यावर

रोजच्या वापराला गोटेक उत्तम. तो फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसतो आणि पेनड्राइव्हवरच्या इमेज फाइली फ्लॉपी म्हणून दाखवतो. त्यात फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर (यंत्राच्या आतला प्रोग्रॅम) टाकलेले घ्या, मूळ फर्मवेअर फार तोकडे असते. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि त्यावर एफएफ.सीएफजी ही सेटिंगची फाइल ठेवा. बीबीसीसाठी तिच्यात ‘इंटरफेस’ शुगार्ट आणि ‘होस्ट’ एकॉर्न लिहा, जंपर (ड्राइव्हचा क्रमांक ठरवणारी छोटी टोपी) एस० वर ठेवा आणि केबल सरळ, न पिळलेली वापरा. पिळलेल्या पीसी केबलच्या टोकाला मात्र जंपर एस१ वर हवा.

वर्षानुवर्षे बंद पडलेल्या बीबीसीला वीज देण्याआधी पॉवर सप्लाय उघडा. आत मुख्य विजेच्या बाजूला पारदर्शक पिवळसर आवरणाचे रिफा कंपनीचे कपॅसिटर असतात, एक ०.१ आणि एक ०.०१ मायक्रोफॅरडचा. आवरणाला तडे गेलेले असतात, त्यातून पावसाळ्याचा ओलावा आत जातो, आणि चालू केल्यावर काही मिनिटांत दाट, उग्र वासाचा धूर निघतो. तेवढ्याच मूल्याचे एक्स२ प्रकारचे नवे कपॅसिटर लावा. हे काम टीव्ही दुरुस्तीवाल्याच्या हाताने करून घ्या.

खरी फ्लॉपीच लिहायची असेल तर फ्लॉपी आणि घनता जुळवा. १.४४ एमबीच्या फ्लॉपीचे भोक टेपने बुजवून तिला ७२० केबी करता येते, पण त्यावरचा मजकूर टिकत नाही. १.२ एमबीच्या फ्लॉपीवर ३६० केबी लिहिणे तर नकोच, तिचा चुंबकीय थर त्या कमी जोराच्या लेखनाला दादच देत नाही. आणि आधी वापरलेल्या ३६० केबीच्या फ्लॉपीवर १.२ एमबीच्या ड्राइव्हने लिहू नका. त्याचे हेड जुन्या रेघेच्या साधारण निम्म्या रुंदीची रेघ काढते, दोन्ही कडांना जुना मजकूर उरतो, आणि जुन्या संगणकाचे रुंद हेड दोन्ही एकदम वाचून गोंधळते. अशी फ्लॉपी ४० ट्रॅकच्या ड्राइव्हवरच लिहा. तो मिळत नसेल तर ज्यावर कधीच काही लिहिले गेले नाही अशी कोरी ३६० केबीची फ्लॉपी घ्या आणि ‘स्टेप’ दोन ठेवून लिहा.